काचपेटीतील समुद्र आणि शेवाळाचा प्रश्न

देवळाच्या तळीशी ज्यांचा नित्य संबंध आहे, त्यांस शेवाळाची ओळख करून द्यावयास नको. पायऱ्यांवर ते धरले की पाय घसरतो. आणि कितीही खरवडून काढले तरी ऊन व पाण्यात कुजणारे निर्माल्य ही दोन कारणे कायम आहेत तोवर ते पुन्हा येते. घरातील काचपेटीत खारे पाणी भरून मासे व प्रवाळ पाळू पाहणाऱ्यासही हाच अनुभव येतो. प्रश्न वरवर लहान दिसतो खरा. परंतु त्याच्या उत्तराचा शोध पावणेदोनशे वर्षे चालला असून त्याचा इतिहास मनन करण्याजोगा आहे.

इ.स. १८४६ मध्ये ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरील काही प्रवाळ लंडन येथे आपल्या घरी आणले. समुद्राचे ताजे पाणी रोज मिळणे अशक्य. म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतून त्यात हवा मिसळण्याचा उपाय त्यांनी योजिला. पुढील वर्षी त्यांनी या कामी समुद्रवनस्पतींचेही साह्य घेतले. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात व प्राणी तो घेतात, हे तत्त्व शास्त्रज्ञांस ठाऊक होतेच. ते घरातील भांड्यात उतरविण्याचा हा आरंभ होता.

या तत्त्वाची पद्धतशीर परीक्षा रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यात केली आणि इ.स. १८५० मध्ये ती लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडली. त्याच्या काचपात्रात दोन लहान सोनेरी मासे व एक पाणवनस्पती होती. काही काळ सारे सुरळीत चालले. पुढे जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले आणि काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा वॉरिंग्टनने पात्रात पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व तो थर फस्त केला आणि त्यांची अंडी माशांच्या भक्ष्यस्थानी पडली! मासा आणि वनस्पती एवढ्या दोघांवर संसार चालत नाही, उष्टे काढणारा तिसराही लागतो, हा या प्रयोगाचा खरा निष्कर्ष होय. पुढे खाऱ्या पाण्यातही त्याने हेच तत्त्व लावले व तेथे समुद्रकाठच्या खडकांवरील शंखवासी गोगलगायींस हे काम दिले.

इंग्लंडात काचेवरील कर इ.स. १८४५ मध्ये उठल्याने काच स्वस्त झाली होती. इ.स. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ निघाला. मग घरोघरी काचपेट्यांचे वेडच पसरले. तथापि ते फार टिकले नाही. वनस्पतीस उजेड हवा म्हणून लोक पेटी भर प्रकाशात ठेवीत. त्यामुळे पाणी तापे, हिरवे होई आणि प्राणी मरत. या हौसेपायी इंग्लंडच्या किनाऱ्यांवरील खडकांतील जीवसृष्टी ओरबाडली गेली. गॉसचा पुत्र एडमंड याने इ.स. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या नाशाबद्दल आणि आपले ग्रंथ त्यास कारण झाले या पित्याच्या दुःखाबद्दल लिहिले आहे.

उजेडाचे कोडे उलगडण्याचे मोठे श्रेय विल्यम ॲल्फर्ड लॉइड याच्याकडे जाते. इ.स. १८६४ मध्ये हँबुर्ग येथे आणि इ.स. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे त्याने मत्स्यालये उभारली. प्रदर्शनाच्या टाक्यांहून कितीतरी मोठा पाण्याचा साठा तो अंधाऱ्या हौदात ठेवी आणि पंपाने ते पाणी अखंड फिरवी. अंधारात शेवाळास वाढ नाही व वाहत्या पाण्यास हवेची वाण नाही, असा दुहेरी लाभ त्यात होता.

विसाव्या शतकात कारणाचे दुसरे अंग स्पष्ट झाले. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट हे क्षार साचतात. शेवाळाचे तेच खत. इंडोनेशियातील ली चिन एंग याने इ.स. १९६१ मध्ये ‘जिवंत खडका’ची रीत लिहून प्रसिद्ध केली. सूक्ष्म जीवांनी भरलेला समुद्रातील खडक पेटीत ठेवला म्हणजे तो पाणी शुद्ध करण्यास हातभार लावतो. अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्थेत वॉल्टर एडी याने तर शेवाळासच कामास लाविले. निराळ्या जाळीवर तीव्र प्रकाशात ते मुद्दाम वाढवावयाचे व वरचेवर खरवडून टाकावयाचे, म्हणजे क्षार त्याबरोबरच बाहेर जातात आणि मुख्य टाकी स्वच्छ राहते. शत्रूसच चाकरीस ठेवण्याचा हा प्रकार म्हणावा लागेल.

आजच्या गृहस्थास या इतिहासातून सरळ आचारधर्म मिळतो. मासे मोजके पाळावे व खाद्य बेताचे घालावे. बाष्प होऊन उडालेल्या पाण्याची भर क्षाररहित शुद्ध पाण्याने घालावी. थोडे पाणी काढून त्या जागी नवे खारे पाणी नियमाने भरावे. दिव्याचे तास ठरवून द्यावे, खिडकीचे ऊन टाळावे व शेवाळ खाणारे शंखप्राणी ठेवावे. केवळ औषध ओतून शेवाळ मारले, तर ते त्याच पाण्यात कुजते आणि पुढील पिकास खत होते.

आणखी एक गोष्ट आपल्या किनाऱ्यापुरती. मालवणच्या समुद्रात आणि गोव्याच्या ग्रांदी बेटाभोवती प्रवाळ आहेत. खडक घडविणारे प्रवाळ इ.स. २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; ते उचलणे हा अपराध होय. कायदा नसता तरी गॉसचे दुःख आपणांस पुरे व्हावे. घरच्या पेटीची शोभा किनारा उघडा करून मिळवावयाची नसते.

शेवाळ हे पाण्यात काहीतरी अधिक झाल्याचे चिन्ह आहे: उजेड अधिक, अन्न अधिक, जीव अधिक. चिन्ह पुसल्याने कारण जात नाही. तळी असो वा काचपेटी, ती राखणाऱ्याने प्रथम हात घालावयाचा तो या आधिक्यास.