काठाची लांबी

सुरतेजवळ तापी समुद्राला मिळते तेथे हजीरा आहे. त्याच्या उत्तरेस सुवाळीचा किनारा. १६१२ साली टॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांनी पोर्तुगीजांना मागे रेटले ते येथेच. आज या भागात पोलाद, खत व नैसर्गिक वायूचे प्रचंड कारखाने उभे आहेत आणि खाड्यांच्या कडेने तिवरांची बने आहेत. अशा बनाविषयी आपण पहिला प्रश्न विचारतो तो हेक्टर किती, हा. आकार कसा, हे विचारावयाचे राहून जाते.

शंभर हेक्टरांचे एक रान घ्या. ते चौरस असेल तर त्याचा परीघ चार किलोमीटर. तेच रान शंभर मीटर रुंदीच्या पट्टीत पसरले तर परीघ वीस किलोमीटरांवर जातो. ऊन, वारा आणि कुऱ्हाड काठापासून पन्नास मीटर आत शिरतात असे धरा. चौरसात ८१ हेक्टरांचा गाभा शाबूत राहतो. पट्टीत तसूभरही राहत नाही!

हा फरक आकड्यात मांडण्याची युक्ती सरोवरांच्या अभ्यासकांकडून आली. हचिन्सन यांच्या १९५७ च्या ग्रंथात ती आहे. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा परीघ एक मानावयाचा आणि आपला काठ त्याच्या किती पट भरतो ते पाहावयाचे. आपला चौरस १.१३ भरतो, पट्टी ५.७. अमेरिकेत पॅटन यांनी १९७५ साली हेच माप वन्यप्राण्यांच्या अधिवासाला लावले. गंमत अशी की, त्यांच्या लेखी काठ म्हणजे समृद्धी होती, नुकसान नव्हे.

परंतु काठ मोजावयाचा कशाने? लुइस रिचर्डसन हे युद्धाचे द्वेष्टे. सीमेची लांबी आणि युद्धे यांचा संबंध शोधताना त्यांना आढळले की, स्पेन-पोर्तुगाल सीमा एका नोंदीत ९८७ किलोमीटर, तर दुसरीत १२१४! मोजपट्टी जितकी लहान, तितकी वळणे अधिक सापडतात आणि लांबी वाढते. त्यांचे हे टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १९६१ साली प्रसिद्ध झाले. मँडेलब्रॉट यांनी १९६७ साली त्यावरून वाकडेपणाचेच माप बसविले. १९८७ मध्ये क्रमेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मिसिसिपीतील रानांना लावले. लहान तुकड्यांचे काठ साधे निघाले, मोठ्यांचे गुंतागुंतीचे. लहानांवर माणसाच्या शेतीची सरळ रेघ उमटली होती, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

हजीऱ्याकडे पुन्हा वळू. उपग्रहाच्या चित्रातील एक चौकट तीस मीटरांची असेल, तर पाच-सात मीटर रुंदीची खाडीची शाखा त्यात दिसावयाची नाही. बन सलग वाटेल, आकडा लहान येईल. आणि नेमक्या त्याच शाखांतून भरतीचे पाणी आत शिरते. निवट्या, चिंबोऱ्या व माशांची पिले त्याच वाटेने तिवरांच्या मुळांशी येतात. गाभ्यातल्या पाखराला जो काठ घातक, तोच येथे दाराचे काम करतो. म्हणूनच तोडलेल्या बनाऐवजी दुसरीकडे सरळ ओळींत तितकीच हेक्टर तिवरे लावली म्हणजे भरपाई झाली, हा हिशेब मला पटत नाही. क्षेत्रफळाच्या रकान्याशेजारी काठाच्या लांबीचा एक रकाना असावा, आणि तो कोणत्या मापाने भरला तेही तेथेच लिहिलेले असावे.