पडद्यावरचा कचरा

पावसाळ्यात आम्हा तालुक्याच्या पत्रकारांचा ठरलेला उद्योग. मुंबईच्या डॉप्लर रडारचं चित्र मोबाइलवर उघडायचं, लाल-पिवळे ढग बघायचे आणि 'पावसाचा जोर वाढणार' अशी बातमी टाकून मोकळं व्हायचं. रडारवर पावसाखेरीज आणखी काही दिसत असेल, हे वीस वर्षांत कधी डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या रडारवर बसलेल्या सैनिकांना मात्र ते दिसत होतं. विमान नाही, जहाज नाही, तरी पडद्यावर ठिपके. त्यांनी नाव ठेवलं 'एंजल्स', म्हणजे देवदूत. लष्कराच्या संशोधन विभागात तेव्हा दोन प्राणिशास्त्रज्ञ होते: जॉर्ज व्हार्ली आणि डेव्हिड लॅक (हे लॅक युद्धाआधी शाळामास्तर). दोघं म्हणाले, हे पक्षी आहेत. भौतिकशास्त्रवाल्यांना पटेना, आयनांचे ढग असणार, म्हणाले. मग त्या आयनांना पिसं आहेत म्हणायची, असं व्हार्लींनी त्यांना सुनावलं. १९४५ मध्ये 'नेचर'मध्ये दोघांचं टिपण छापून आलं.

त्याच वर्षी अमेरिकेत वेगळंच भांडण पेटलं होतं. वसंतात उत्तरेकडे निघालेले मूठभर वजनाचे पक्षी मेक्सिकोचं आखात थेट ओलांडतात, की किनाऱ्याकिनाऱ्याने वळसा घालतात? जॉर्ज विल्यम्स म्हणत, वळसा. लुइझियानाचे जॉर्ज लॉवरी म्हणत, थेट. लॉवरींनी पुराव्यासाठी काय केलं असेल? पौर्णिमेच्या आसपास चंद्रावर दुर्बीण रोखली आणि चंद्रासमोरून जाणारे पक्षी मोजले! पण आभाळ भरून आलं की मोजणी बंद.

त्यावर उत्तर निघालं हवामान खात्याच्या रडारमधून. १९६० च्या दशकात सिडनी गोथ्रो या तरुणाने लुइझियानातल्या रडारवर पक्ष्यांची ही मोठी वाहतूक टिपली. संध्याकाळी युकातानहून निघालेले थवे रात्रभर उडून दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागत होते. लॉवरी बरोबर निघाले.

खरी गंमत पुढे आहे. त्या काळी रडारच्या पडद्याचे फोटो फिल्मवर घेत, आणि त्या फिल्मी कुणी फेकल्या नाहीत. गोथ्रोंनी १९८० च्या दशकाअखेरचं चित्र त्यांच्याशी ताडून पाहिलं. आखात ओलांडणाऱ्या थव्यांचे दिवस जवळपास निम्म्यावर आले होते. (आमच्या साप्ताहिकाच्या जुन्या फाइली एका दिवाळीत रद्दीत गेल्या. आता गावच्या नदीचा जुना पूर विचारायला आम्ही म्हाताऱ्यांकडे जातो.)

२०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार १९७० पासून उत्तर अमेरिकेतले जवळपास ३०० कोटी पक्षी कमी झाले. गणती मुख्यतः जमिनीवरच्या हौशी निरीक्षकांची. तिला स्वतंत्र दुजोरा दिला तो हवामान रडारने. दहा वर्षांत वसंतातली रात्रीची वाहतूक सुमारे १४ टक्क्यांनी घटलेली दिसली. मूळ नोंदी सर्वांना खुल्या होत्या, म्हणून हे जमलं.

आता आपल्याकडे. ईशान्येत थांबलेले अमूर ससाणे नोव्हेंबरच्या सुमारास महाराष्ट्रावरून अरबी समुद्र ओलांडून सोमालियाकडे जातात. उपग्रह-यंत्र बसवलेल्या मोजक्या पक्ष्यांमुळे तो रस्ता कळला. बाकीचे हजारो आपल्या डोक्यावरून जातात, आणि रडार तर कोरड्या रात्रीही फिरू शकतं.

म्हणून माहिती अधिकारात एक अर्ज टाकतोय: मुंबईच्या रडारच्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या रात्रींच्या मूळ नोंदी किती वर्षांच्या जपल्या आहेत, आणि अभ्यासकांना त्या कशा मिळतील? उत्तर आलं की इथेच टाकतो.