थोरला चिल्ला

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की आई पातेल्यात कणकेची खळ शिजवायला घ्यायची. अण्णा दुकानातून जुने उर्दू पेपर आणायचे, त्यांच्या चार बोटं रुंदीच्या पट्ट्या कापायचे आणि मी एकेका पट्टीला खळ लावून त्यांच्या हातात द्यायची. खिडकीच्या चौकटीतली एकूण एक फट अशी बुजवायची, वरून पॉलिथिनचा कागद ठोकायचा. त्या दिवसापासून पार शिमग्यापर्यंत बाहेरचं जग धुरकट दिसे. श्रीनगरचा हिवाळा म्हटला की मला आधी तो खळीचा वास येतो.

आम्ही मूळचे विट्याजवळच्या एका खेड्यातले. खानापूर, आटपाडी, तासगाव या सांगली जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. सराफांकडची मोड, कारागिराच्या पाटाखाली सांडलेला चुरा, दुकानातली झाडलोटीची मातीसुद्धा विकत घ्यायची, मुशीत घालून भट्टीत वितळवायची, तेजाबात टाकून सोनं-चांदी वेगळी करायची. जिथे सराफ बाजार तिथे आमचा गलाईवाला, मग ते गाव पंजाबातलं असो की केरळातलं. अण्णा १९७२च्या दुष्काळात खडी फोडत होते. पुढे दोन वर्षांनी भावकीतल्या एकाबरोबर ते थेट झेलमच्या काठी, अमिरा कदलजवळच्या एका गल्लीत पोचले. त्यांनी तोवर बर्फ पाहिला होता तो फक्त यात्रेतल्या गोळ्याच्या गाडीवर.

त्यांना हिवाळा शिकवला तो घरमालकिणीने. तिला सगळी गल्ली देद म्हणायची, म्हणजे आजी. पहिल्याच वर्षी ऑक्टोबरात ती अण्णांच्या खोलीत डोकावली आणि विचारलं, "लाकडं कुठायत तुझी? वांगी वाळवलीस का?" अण्णांनी नुसती मान हलवली. तेव्हा देदने बोटं मोजत त्यांना हिशेब सांगितला. २१ डिसेंबरला चिल्लई कलान लागतो, तो चाळीस दिवसांचा. मग चिल्लई खुर्द वीस दिवसांचा. शेवटी चिल्लई बच्चा, दहा दिवसांचा. चिल्ला हा शब्द फारसीतल्या चाळिसावरून आलेला. अण्णांनी त्याचं आपल्या भाषेत थोरला चिल्ला, धाकटा चिल्ला आणि बाळ चिल्ला असं करून टाकलं आणि आमच्या घरात तीच नावं राहिली. पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला थंडीचं वय मोजणं अवघड गेलं नाही.

आई लग्न होऊन आली तेव्हा तिला त्या मुलखातली एक गोष्ट लगेच ओळखीची वाटली, ती म्हणजे बेगमी. आमच्याकडे उन्हाळ्यात पाटावर सांडगे, कुरडया पडतात ते पावसाळ्यासाठी. तिथे भाद्रपद-आश्विनात प्रत्येक गच्चीवर, प्रत्येक खिडकीत भाज्या वाळत. वांग्याच्या चार फाका देठाशी जोडलेल्या तशाच दोरीवर टांगलेल्या. ती वांगन हची. दुधी भोपळ्याच्या लांब चकत्या, ती अल हची. टोमॅटो, सलगम, पालेभाज्या, झालंच तर मासेसुद्धा. या सगळ्याला मिळून होख स्युन म्हणतात, वाळवलेली भाजी. पूर्वी बनिहालचा घाट बर्फाने बंद झाला की खोऱ्यात ताजं काही येत नसे, तेव्हापासूनची ही तजवीज. आईने देदकडून वांगी वाळवायला शिकून घेतली आणि देदला सांडगी मिरची दिली. देदला ती इतकी आवडली की दर वर्षी विट्याहून येणाऱ्या माणसाबरोबर तिची वेगळी पिशवी यायची.

खाण्यासारखीच कोळशाचीही बेगमी. चिनारची पानं लाल होऊन गळायला लागली की बायका लांब झाडू घेऊन ती गोळा करायच्या, ढीग पेटवायच्या आणि अर्धवट जळाली की पाणी शिंपडून विझवायच्या. तो पानांचा हलका कोळसा कांगडीत घालायचा. कांगडी म्हणजे काड्यांच्या विणीत बसवलेलं मातीचं भांडं. चरार गावची कांगडी नावाजलेली. फेरनच्या, म्हणजे अंगभर झग्याच्या, आत ती पोटाशी धरून माणसं चालतात, बसतात, झोपतातसुद्धा. देदच्या मांडीवर तिचा काळसर डाग होता. वर्षानुवर्षं तिथेच शेक बसल्याने कातडीचा कर्करोग होतो हे श्रीनगरच्या मिशन इस्पितळातले डॉक्टर अर्नेस्ट नीव्ह यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं. देदने त्यांचं लिहिलेलं कधी वाचलं नाही, पण कांगडी एकाच जागी ठेवू नको, हलवत राहा, आणि खोली पूर्ण बंद करून झोपू नको, हे ती आम्हा पोरांना रोज बजावायची. आम्ही मुलं मात्र भट्टीपाशी जाऊन बसायचो. जानेवारीत अण्णांची भट्टी ही गल्लीतली सगळ्यात उबदार जागा होती. चांदी वितळेपर्यंत शेजारचा टोपीवाला, पोस्टमन, भाजीवाला असे सगळे तिथे गोल करून बसत, समोवारमधली नून चाय, म्हणजे मिठाचा चहा, फिरे आणि गोष्टी सुरू होत.

त्या गोष्टींची वाट आम्ही शाळा सुटण्याइतकीच पाहायचो. तिथल्या शाळेचं वर्ष वेगळं होतं. परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. वर्गात जमिनीवर टाट अंथरलेलं, काही काचा फुटलेल्या, मास्तरांच्या खुर्चीखाली कांगडी. शाई दौतीत घट्ट व्हायला लागली की आमचे कान रेडिओकडे लागत. रेडिओ काश्मीर श्रीनगरच्या संध्याकाळच्या बातम्यांत सरमाई तातीलातची, म्हणजे हिवाळी सुट्टीची घोषणा व्हायची. धाकट्यांना आधी, थोरल्यांना नंतर, आणि मग जवळजवळ फेब्रुवारी संपेपर्यंत शाळा बंद. विट्याची माझी मावसभावंडं पत्रात लिहायची, तुमची मजा आहे, अडीच महिने सुट्टी. मजा होतीच. पण मला आता वाटतं की माझं अर्धं शिक्षण त्या बंद शाळेच्या महिन्यांतच झालं, आणि ते म्हाताऱ्या माणसांनी केलं.

आमच्या समोर एक निवृत्त पंडित शिक्षक राहायचे. त्यांना सगळे मास्टरजी म्हणत. सुट्टीत ते गल्लीतल्या पोरांना गणित शिकवत, आणि गणिताच्या शेवटी नीलमत पुराणातली गोष्ट सांगत. काश्मीर हे आधी सतीसर नावाचं सरोवर होतं, कश्यपाने त्याचं पाणी वाहून जाऊ दिलं, इतकं तर सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढची गोष्ट मी तिथेच ऐकली. माणसांना या भूमीत फक्त उन्हाळ्याचे सहा महिने राहायची मुभा होती. उरलेले सहा महिने इथे पिशाचं राहत. बर्फ पडायच्या आत लोक गाई-गुरं, धान्य घेऊन निघून जायचे आणि चैत्रात परत यायचे. एका वर्षी चंद्रदेव नावाचा म्हातारा ब्राह्मण मागे राहिला. थंडीने आणि पिशाचांनी त्याला फुटबॉलसारखं टोलवलं (फुटबॉल अर्थातच मास्टरजींचा). शेवटी तो नाग राजा नीलाला शरण गेला, आणि नीलाने त्याला असे विधी सांगितले की ते पाळले तर माणूस इथे बाराही महिने राहू शकेल. त्या विधींत पहिल्या बर्फाचा उत्सवसुद्धा आहे.

मला त्या गोष्टीत तेव्हा पिशाचं आवडायची. आज तो चंद्रदेव आवडतो. कुणीतरी म्हातारा मागे राहिला, त्याने थंडी सोसली आणि राहायचं कसं ते विचारून घेतलं, म्हणून बाकीच्यांना तिथे घर करता आलं. देदचा बोटांवरचा हिशेब त्याच गोष्टीचा पुढचा भाग होता.

पौषाच्या अमावास्येला मास्टरजींच्या घरी खेचमावस असायची. त्या रात्री यक्ष गल्लीतून फिरतो म्हणून त्याच्यासाठी खिचडी करून कुंपणाच्या भिंतीवर ठेवायची. त्याची टोपी ज्याला हिसकावता येईल त्याचा तो चाकर होतो, असं सांगायचे. माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना फेरनमध्ये लपून टोपीसाठी बसला होता आणि तिथेच झोपला. त्याच भावाच्या पहिल्या हिवाळ्यात मास्टरजींच्या पत्नीने त्याच्या झबल्याला शिशुर म्हणून एक पुडी बांधली होती. बाळाला, नव्या सुनेला पहिल्या थंडीत जपायचा तो विधी. छपरावरून लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांना तिथे शिशरगांठ म्हणतात. शिशिर हा शब्द व्याकरणाच्या पुस्तकात भेटायच्या आधी मी असा छपराला लटकलेला पाहिला.

देदच्या गोष्टींत देव-यक्ष नसायचे. तिची गोष्ट मिठाची होती. १९४७पर्यंत खोऱ्याचा बारमाही रस्ता रावळपिंडीकडून झेलमच्या काठाने यायचा, आणि मीठही तिकडूनच. सैंधवाचे मोठे गुलाबी खडे. त्या वर्षी शरदात रस्ता तुटला आणि हिवाळा तोंडावर आला. बनिहालचा घाट बर्फाखाली जायच्या बेतात. घराघरात भात होता, लाकडं होती, भाज्या वाळलेल्या होत्या आणि मीठ नव्हतं. देद तेव्हा नवी सून होती. तिच्या सासूने होता तो एक खडा कापडात बांधून ठेवला. भाजी शिजत आली की खडा दोरीने पातेल्यात सोडायचा, दोन वेळा फिरवायचा आणि बाहेर काढून पुन्हा वाळत टांगायचा. नून चाय बिनानूनची प्यायची. हे सांगताना देद हाताने तो खडा फिरवून दाखवायची, आणि आमच्या घरात मीठ जमिनीवर सांडलं की आईच्या आधी तीच ओरडायची. पुढे १९५६ साली जवाहर बोगदा उघडला आणि हिवाळ्यातही जम्मूकडची वाट चालू राहायला लागली, तरी देदच्या माळ्यावर मिठाची गोणी कायम भरलेली असे.

१९८६च्या हिवाळ्यात डल गोठला. मी दहा वर्षांची होते. जम्मू-काश्मीरचे एके काळचे पंतप्रधान बक्षी गुलाम मोहम्मद यांनी गोठलेल्या डलवरून जीप नेली होती, ही गोष्ट भट्टीपाशी सगळ्यांच्या तोंडपाठ होती. आता आमच्या डोळ्यांदेखत पोरं तळ्यावर क्रिकेट खेळत होती, सायकली चालवत होती. अण्णांनी माझा हात धरून मला दहा पावलं आत नेलं. पायाखाली बर्फ कुरकुरला तसे ते थांबले आणि मराठीत पुटपुटले, "विठ्ठला, पाण्यावर चालवलंस रं बाबा."

घरातलं पाणी मात्र आटायचं. नळ गोठले की लोक पाइपाखाली पेंढा पेटवत. त्यावर उपाय एकच, रात्री नळ किंचित सोडून ठेवायचा. वाहतं पाणी गोठत नाही. देदने ते पहिल्या वर्षीच सांगितलं होतं आणि अण्णांना तेवढंच जमत नव्हतं. दुष्काळात ज्याने तीन मैलांवरून घागर आणली, त्याला रात्रभर नळ गळत ठेवायचा म्हणजे पाप वाटायचं. दोन वेळा पाइप फुटला. मग त्यांनी तोड काढली, नळाखाली बादली ठेवली. मध्यरात्री उठून भरलेली बादली बाजूला करायचे, दुसरी लावायचे. सकाळी त्या पाण्यावर पापुद्रा धरलेला असे, तो फोडून आई चहाचं आधण ठेवी.

१९९०च्या जानेवारीत, ऐन थोरल्या चिल्ल्यात, मास्टरजींच्या घराला कुलूप लागलं. कोळशाची पोती भरलेली होती, दोरीवर वांगी होती. त्याबद्दल मी फार लिहू शकत नाही. देद त्यांच्या दारापुढचा बर्फ फाल्गुनापर्यंत काढत होती. पुढच्या वर्षी जम्मूहून मास्टरजींचं कार्ड आलं. इथे बर्फ नाही, तरी खेचमावसची खिचडी भिंतीवर ठेवली, यक्षाला नवा पत्ता सापडतो का पाहू, असं त्यांनी लिहिलं होतं. मला मावशीकडे विट्याला पाठवलं गेलं. जूनमध्ये शाळा भरते आणि मे महिन्यात सुट्टी असते, हे अंगवळणी पडायला मला दोन वर्षं लागली.

भाऊ आजही श्रीनगरला आहे, त्याच गल्लीत. आमची गलाईवाली मंडळी लाल चौकाजवळ दर वर्षी गणपती बसवतात, तो त्यात असतो. हिवाळ्याच्या बातम्या मला त्याच्याकडून कळतात. २०२१च्या जानेवारीत पारा उणे ८.८ अंशांवर गेला आणि डल पुन्हा गोठला, तेव्हा प्रशासनाने लोकांना बर्फावर चालू नका म्हणून बजावलं. २०२४च्या डिसेंबरात चिल्ला लागताच उणे ८.५. ऐन गरजेच्या वेळी नद्यांचं पाणी आटतं, जलविद्युत कमी होते आणि वीज जाते, म्हणून कांगडी अजून आहेच. भाच्यांच्या परीक्षा २०२२मध्ये मार्चला नेल्या होत्या, त्या २०२४पासून पुन्हा हिवाळ्याआधी आल्या. भावाची धाकटी मुलगी पहिला बर्फ पडला की मला फोन करते. तिथे पहिला बर्फ पुडीत बांधून कुणाच्या तरी हाती द्यायचा, आणि घेणारा फसला की त्याने मेजवानी द्यायची, असा खेळ आहे. ती फोनवरच म्हणते, "आत्या, हात पुढे कर."

अण्णा शेवटची सहा वर्षं विट्यात होते. त्यांना बरंच काही आठवेनासं झालं होतं. डिसेंबर लागला की रात्री कधीतरी ते उठायचे, भिंत चाचपत अंगणात जायचे आणि टाकीचा नळ किंचित सोडून यायचे. विट्यात पाणी दिवसाआड. पहिल्या रात्री मी तो बंद करायला उठले तर आईने माझा हात धरला. ती स्वतः बाहेर गेली, नळाखाली बादली सरकवली आणि आत येऊन झोपली.