स्किझोफ्रेनिया: या आजाराला नाव कसे मिळाले आणि आज निदान कसे होते?

"डॉक्टर, रक्त तपासून किंवा डोक्याचा एमआरआय काढून कळेल का?"

घरातल्या तरुण मुलाच्या किंवा मुलीच्या वागण्यात बदल झाला की नातेवाईक बहुतेक वेळा हाच प्रश्न विचारतात. मुलगा एकटाच बोलतो, कॉलेज सोडून खोलीत बसून राहतो, "शेजारी माझ्यावर नजर ठेवून आहेत" असे म्हणतो. मधल्या काळात कुणीतरी बाहेरची बाधा सांगितलेली असते, अंगारे-धुपारे झालेले असतात आणि काही महिने, कधी कधी काही वर्षे निघून गेलेली असतात.

प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे तर, स्किझोफ्रेनिया दाखवणारी रक्ताची चाचणी किंवा स्कॅन आजही नाही. मग डॉक्टर निदान कशाच्या आधारावर करतात? ते समजण्यासाठी या आजाराचा इतिहास थोडा माहीत असायला हवा. आज आम्ही तुम्हाला जे प्रश्न विचारतो, ते या इतिहासातूनच आले आहेत.

आधी भिंती आल्या, नाव नंतर आले

मांजर्लीहून बदलापूर स्टेशन गाठून लोकलने मुंबईच्या दिशेने निघालात की ठाणे लागते. तिथले मनोरुग्णालय 1901 साली सुरू झाले. नागपूरचे 1864 चे आणि रत्नागिरीचे 1886 चे, म्हणजे त्याहूनही जुने. गंमत पाहा, ठाण्याचे रुग्णालय सुरू झाले तेव्हा 'स्किझोफ्रेनिया' हा शब्दच जन्माला आला नव्हता.

त्या काळी अशा जागेला 'वेड्यांचे इस्पितळ' म्हणत. 1912 च्या कायद्याचे नावही 'इंडियन ल्युनसी ॲक्ट' होते. त्या कायद्याचा भर उपचारांपेक्षा माणसाला कोणत्या प्रक्रियेने आत ठेवायचे यावर होता. औषध नव्हते, त्यामुळे बंदोबस्त हाच उपाय. 'ठाण्याला पाठवू का?' किंवा 'येरवड्याला पाठवा याला' ही आपल्याकडची थट्टा तेव्हापासूनची आहे. घरचे लोक डॉक्टरकडे यायला आजही का घाबरतात, याचे एक कारण या थट्टेत आहे.

क्रेपेलिन आणि ब्लॉयलर

जर्मनीतील डॉ. एमिल क्रेपेलिन यांनी एक साधी वाटणारी गोष्ट केली. रुग्ण आज कसा दिसतो एवढेच न पाहता पुढची अनेक वर्षे त्याचे काय होते, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. काही रुग्णांचा आजार ठरावीक काळाने येऊन जात असे आणि मधल्या काळात ते पूर्ण बरे असत. काहींचा आजार तरुणपणी सुरू होऊन रेंगाळत असे. 1899 पर्यंत त्यांनी हे दोन गट वेगळे केले. दुसऱ्या गटाला त्यांनी दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थ होता 'अकाली आलेली बुद्धिभ्रष्टता'. नावातच निराशा होती.

स्वित्झर्लंडचे डॉ. ऑयगेन ब्लॉयलर यांना हे पटले नाही. त्यांचे अनेक रुग्ण सुधारत होते, सगळेच तरुणपणी आजारी पडत नव्हते आणि त्यांची बुद्धी नष्टही होत नव्हती. 1908 मध्ये त्यांनी ग्रीक शब्दांवरून 'स्किझोफ्रेनिया' हे नाव सुचवले आणि 1911 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. मराठीत आपण 'छिन्नमनस्कता' म्हणतो ते यावरूनच.

एक मोठा गैरसमजही याच नावातून आला. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका शरीरात दोन माणसे, असे सिनेमे पाहून अनेकांना वाटते. तसे अजिबात नाही. विचार, भावना आणि वागणे यांचा एकमेकांशी असलेला मेळ तुटतो, एवढाच त्या 'छिन्न'चा अर्थ. नावामुळे होणारी ही बदनामी टाळण्यासाठी जपानने 2002 मध्ये या आजाराचे नावच बदलले.

लक्षणे कोणती?

सोयीसाठी तीन गट लक्षात ठेवा.

1. वाढीव लक्षणे: कुणी नसताना आवाज ऐकू येणे (भास), पुरावा दाखवूनही न हटणारा संशय किंवा चुकीची समजूत (भ्रम), बोलण्यात संगती नसणे, विचित्र हालचाली.
2. उणी लक्षणे: बोलणे कमी होणे, चेहऱ्यावर भाव नसणे, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष, कशातच उत्साह नसणे. घरचे याला 'आळशीपणा' समजतात आणि रागावतात. हा आळस नाही, आजाराचाच भाग आहे.
3. आकलनाची लक्षणे: लक्ष न लागणे, गोष्टी लक्षात न राहणे, साधे नियोजन न जमणे.

बहुतेकदा सुरुवात किशोरवयाच्या शेवटी किंवा विशी-पंचविशीत होते, स्त्रियांमध्ये थोडी उशिरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण 300 पैकी एका व्यक्तीला हा आजार असतो.

डॉक्टरांचेच एकमत नव्हते!

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक अडचण होती. अमेरिकेत ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणत, त्याच रुग्णाला इंग्लंडमध्ये वेगळे निदान मिळू शकत होते. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्क आणि लंडनमधील रुग्णांना एकाच ठरलेल्या पद्धतीने प्रश्न विचारले गेले. तेव्हा दिसले की फरक मुख्यतः रुग्णांत नव्हता, डॉक्टरांच्या सवयीत होता.

त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांतील 1,202 रुग्णांचा अभ्यास केला. भारतातील केंद्र आग्र्याला होते. सर्व देशांत एकसारखी मुलाखत घेतली आणि हा आजार सर्वत्र ओळखता आला. तो पाश्चात्त्यांचा नाही, श्रीमंतांचा नाही, कुणा एका जाती-धर्माचाही नाही. दोन वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा भारतासारख्या देशांतील बरेच रुग्ण अपेक्षेपेक्षा चांगले होते. याचे कारण काय, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे.

या अभ्यासांनंतर निदानाचे नियम काटेकोर झाले. म्हणूनच आज आम्ही हे पाहतो:

- ठरावीक लक्षणे आहेत का आणि ती किमान एक महिना टिकली आहेत का (अमेरिकन पद्धतीत त्रासाचा एकूण काळ सहा महिने धरतात)
- शिक्षण, काम, नाती यांत घसरण झाली आहे का
- हे गांजा, दारू किंवा एखाद्या औषधामुळे आहे का
- थायरॉइड, फिट्स, मेंदूतील संसर्ग किंवा गाठ असे दुसरे कारण आहे का
- तीव्र नैराश्य किंवा बायपोलर आजार तर नाही ना

रक्त किंवा एमआरआय तपासायला सांगतो ते ही दुसरी कारणे वगळण्यासाठी. म्हणून रिपोर्ट 'नॉर्मल' आला की 'मुलाला काही झालेले नाही' असा अर्थ काढू नका. आणि एकाच भेटीत निदान झाले नाही तर डॉक्टर बदलण्याची घाई करू नका. क्रेपेलिन यांच्याप्रमाणे आम्हालाही थोडा काळ रुग्णाकडे पाहावे लागते.

औषध आले, दारे उघडू लागली

1931 मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा उपयोग मानसिक आजारात आणि रक्तदाबात होतो, असे लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 मध्ये तिचा रक्तदाबावरील अभ्यास ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि जगाचे लक्ष वेधले. तिच्यातून मिळालेले रिसर्पिन काही वर्षे मानसिक आजारातही वापरले गेले. 1952 मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा गुण दिसला आणि खरी क्रांती झाली. वर्षानुवर्षे वॉर्डात असलेली माणसे घरी जाऊ लागली. आजची औषधे त्याच वाटेवरची आहेत. ती 'झोपेच्या गोळ्या' नाहीत.

आपल्या महाराष्ट्रात

कॅनडातील कॅल्गरी येथे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. ते गप्प बसले नाहीत. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 2004 च्या 'देवराई' या चित्रपटामागेही त्यांचे पाठबळ होते. आजारी भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण मराठी घरांनी तेव्हा पडद्यावर पाहिली. स्वमदत गटांत रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणू लागले. 'वेडा' म्हणण्याच्या सवयीला हे उत्तम उत्तर आहे.

आणि बदलापूरहून लोकलने उलट्या दिशेला गेलात तर कर्जत लागते. तिथे डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवते. 2018 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कायदा काय सांगतो?

2001 मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली. तिथे श्रद्धेपोटी आणून साखळीने बांधून ठेवलेले 28 मनोरुग्ण त्या आगीत गेले. पळता येत नव्हते म्हणून! आज 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे आणि सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा हक्क आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे किंवा बांधणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

तुम्ही काय कराल?

- वागण्यातला बदल काही आठवडे टिकला तर वाट पाहू नका. उपचार जितके लवकर, तितका फायदा जास्त.
- येताना तारखांसह लिहून आणा: झोप कधी बिघडली, कॉलेज कधी सुटले, संशय कधी सुरू झाला. तुमची वही आमच्यासाठी कोणत्याही स्कॅनपेक्षा मोलाची आहे.
- 'आवाज खोटे आहेत' म्हणून वाद घालू नका आणि 'हो, मलाही ऐकू येतात' असेही म्हणू नका. 'तुला त्रास होतोय ना, आपण डॉक्टरांशी बोलू' एवढे पुरते.
- देवाला जरूर जा, पण गोळी बंद करू नका.
- जीव देण्याची भाषा असेल किंवा आवाज काही करायला सांगत असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी मोफत क्रमांक घरात लिहून ठेवा.

शंभर वर्षांपूर्वी या आजारात कुटुंबापुढे एकच दार होते, आणि ते बाहेरून बंद होत असे. आज तसे नाही. लाजेपोटी आपण ते घरातूनच बंद करू नये, इतकीच विनंती.

*हा लेख माहितीसाठी आहे. निदान आणि औषधे मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच.*