रेघेला जागा नसते

तारापूर म्हटलं की अणुवीज केंद्र, बोईसर म्हटलं की एमआयडीसी. चिपसाठी या पट्ट्याचं नाव कोणी घेत नाही. तरीही सर्किटच्या चित्रावरून चिपचा लेआउट काढणं म्हणजे काय, हे सांगायला मला तारापूरच सोयीचं वाटतं.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या, बनावट जनरल इलेक्ट्रिकची. इंटेलची ४००४ ही चिप यायला अजून दोन वर्षं होती. त्या पिढीतल्या भट्ट्यांचं संरक्षण रिले आणि तारांवर चालायचं. महत्त्वाच्या यंत्रणा जोडीने, एक गेली तर दुसरी. चित्रात दोन वेगळ्या रेघा.

पण रेघेला जागा नसते, केबलला असते. २२ मार्च १९७५ ला अमेरिकेत ब्राउन्स फेरीला, जीईच्याच उकळत्या पाण्याच्या भट्टीत, हवेची गळती शोधणाऱ्या मेणबत्तीने आग लागली आणि जोडीच्या यंत्रणांच्या केबल्स एकदमच जळाल्या. ३१ मार्च १९९३ ला आपल्या नरोऱ्यात टर्बाइनची पाती तुटून आग लागली. राखीव विजेच्या केबल्सही त्यातच गेल्या, आणि केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिलं.

चिपचंही असंच. स्किमॅटिक सांगतं कोण कोणाला जोडलंय. लेआउट सांगतो कुठे, किती रुंद, कुठल्या थरावर. ४००४ च्या काळात तो हाताने काढून रुबिलिथच्या लाल फिल्मवर कापायचे. आता सॉफ्टवेअर दोन तपासण्या करतं. डीआरसी बघते, आकार कारखान्याच्या नियमांत बसतात का. एलव्हीएस लेआउटमधून सर्किट परत काढून मूळ चित्राशी ताडून बघते. आयआयटी मुंबईत डिझाइन होऊन मोहालीत १८० नॅनोमीटरवर बनलेल्या 'अजित' प्रोसेसरसारख्या चिपची वाटही हीच.

आता गंमत बघा. नरोऱ्याच्या केबल्स एलव्हीएसमध्ये पास झाल्या असत्या! जोडण्या चित्राप्रमाणेच होत्या ना. म्हणून अवकाशात जाणाऱ्या चिपमध्ये एका बिटाच्या तीन प्रती ठेवून बहुमत घेतात, तेव्हा त्या मुद्दाम लांब लांब बसवतात. शेजारी असल्या तर एकच कण दोन प्रती उलटवतो, आणि बहुमतच खोटं ठरतं. हे अंतर स्किमॅटिकमध्ये कुठेच दिसत नाही. कोणीतरी विचार करून वेगळं लिहून द्यावं लागतं.

आपण सॉफ्टवेअरवाले तर रोजच चौकोन आणि बाण काढतो. मुख्य सर्व्हर, राखीव सर्व्हर, मध्ये बाण, झालं. सोमवारी ऑफिसला गेलात की एवढंच विचारा: ते दोन्ही चौकोन एकाच रॅकमध्ये, एकाच वीजजोडणीवर तर नाहीत ना?