वेलीचे नाव आणि नावामागची माणसे



मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. माझे आयुष्य मराठीच्या अध्यापनात गेले. तरीही या स्मृतिव्याख्यानासाठी मी एका वेलीचा इतिहास निवडला आहे. कारण नवी वनस्पती ओळखणे आणि तिचे वर्णन करणे हा अखेर शब्दांचाही व्यवहार आहे.

ही वेल सेरोपेजिया या प्रजातीतील. हिच्या फुलांना मराठीत कंदीलपुष्पे म्हणतात. बहुतेक जातींत पाकळ्यांची टोके वर एकमेकींस जुळून कंदिलाचा आकार होतो. खाली अरुंद नळी असते. नळीत उतरलेली बारीक माशी आतील केसांमुळे अडकते, परागपुंज तिला चिकटतात आणि केस कोमेजल्यावर ती सुटून दुसऱ्या फुलाकडे जाते.

या वेलीची शास्त्रीय कथा केरळात सुरू होते. कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे छापला गेला. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबरच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणीभाषी वैद्यांनी त्यास साहाय्य केले. त्यांचे 1675 मधील निवेदन कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत ग्रंथारंभी छापलेले आहे. नागरीच्या आरंभीच्या मुद्रित नमुन्यांत त्याची गणना होते. ज्यांनी झाडे दाखविली, त्यांची नावे ग्रंथात राहिली, ही गोष्ट लहान नाही.

त्या ग्रंथातील एका वेलीच्या चित्रावरून लिनियसने 1753 मध्ये ‘सेरोपेजिया कॅन्डेलाब्रम’ हे नाव दिले. पहिल्या शब्दात ग्रीक भाषेतील मेण आणि झरा यांचे अर्थ आहेत. दुसऱ्याचा अर्थ दीपवृक्ष. लिनियस भारतात कधी आला नाही. ज्या चित्राच्या आधारे त्याने नाव दिले, ते मलबारात जिवंत वेलीवरून काढलेले होते.

चित्रावर विसंबण्याचे दिवस पुढे सरले. वाळवून दाबलेला नमुना हा प्रमाण पुरावा ठरला; परंतु कंदीलपुष्प दाबले की त्याची घडण बिघडते. म्हणून फूल द्रवात जपावे लागते, जिवंतपणीच मोजावे लागते. कंद आहे की नुसती मुळे, पानांचा आकार, नळीची लांबी, आतील किरीटाची रचना, हे सारे जवळच्या जातींशी ताडून पाहिल्यावरच ‘ही नवी’ असे म्हणता येते. हर्बर्ट ह्युबर या जर्मन अभ्यासकाने 1957 मध्ये या प्रजातीचा मोठा आढावा घेतला. भारतीय जातींचा साकल्याने विचार भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या एम. वाय. अन्सारी यांनी केला. त्यांचा ग्रंथ 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. सह्याद्रीतील एका वेलीला त्यांनी ह्युबरचेच नाव दिले. विद्येतील ऋण असे फेडले जाते.

हा शोध संपलेला नाही. विशाळगडावर आढळलेल्या एका जातीला 2025 मध्ये शिवरायांचे नाव मिळाले.

नव्या जातीचे वर्णन 1935 पासून 2011 अखेरपर्यंत लॅटिनमध्ये देणे आवश्यक होते. 2012 पासून इंग्रजीही चालते. शास्त्राला एक समान भाषा हवी, हे मला मान्य आहे. खंत आहे ती वेगळी. डोंगरातील माणसे या वेलींचे कंद पिढ्यान्‌पिढ्या खात आली. हमण, खरचुडी ही नावे त्यांच्या तोंडची आहेत. वेल कोणत्या उतारावर येते, केव्हा फुलते, कंद किती काढावा व किती ठेवावा, हे त्यांना ठाऊक होते. आज डोंगर उजाड होत आहेत. काही कंदीलपुष्पे मोजक्या जागीच उरली आहेत. वेल गेली, तर शास्त्रीय नाव कागदावर तरी राहील. लोकांनी दिलेले नाव मात्र लिहिलेलेच नसेल, तर तेही तिच्याबरोबर जाईल.

आपल्या लालबागेजवळ 1615 च्या सुमारास बांधलेला कुंडी भंडारा आहे. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीखाली झिरपणारे पाणी ओळखून ते शहराला पाजणारी दृष्टी त्यामागे होती. तीच दृष्टी विद्यार्थ्यांनी वनस्पतींकडे वळवावी. पावसाळ्यात डोंगरावर जा. वेल उपटू नका. तिचे चित्र काढा, तिथी व जागा लिहा आणि जी आजी तिचे नाव सांगेल, त्या आजीचेही नाव शेजारी लिहा. सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी एका परकीय अधिकाऱ्याने जे केले, तेवढे आपणही करू शकतो.