नानांची लेक

मागच्या शनिवारी आत्याकडे कुंडलला गेलो होतो. लॅपटॉप मुद्दाम पुण्यातच ठेवला (ऑन-कॉल एका मित्राच्या गळ्यात मारून!). आत्याचा मुलगा अकरावीत आहे. संध्याकाळी डोंगराकडे फिरायला निघालो, तर गडी एकदम म्हणाला, "दादा, पप्पांना माझ्याबद्दल काय वाटतंय का नाही? मार्क सोडून दुसरं काही विचारतच नाहीत."

मी काय उत्तर देणार? त्याच्या वयात माझीही हीच तक्रार होती. बाबा ट्रक ड्रायव्हर. घरी आले की जेवायचे आणि झोपायचे. त्यांचं आपल्यावर प्रेम नाही, असं मी तेव्हा ठरवूनच टाकलं होतं.

पण आम्ही उभे होतो ते गाव कुंडल! क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं मोठं केंद्र, तुफान सेनेचं मुख्यालय. गाव तेव्हा औंध संस्थानात होतं, म्हणजे इंग्रजांचा थेट अंमल नाही. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेचे पगार नेणारी गाडी लुटली गेली. तेव्हा कुंडलचे कॅप्टन भाऊ (रामचंद्र लाड) आणि जी. डी. बापू लाड, दोघंही वीस वर्षांचे. आजच्या हिशेबाने इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरची पोरं! नाना बेचाळीस वर्षांचे, म्हणजे त्यांच्या बापाच्या वयाचे.

आणि नानांची स्वतःची लेक? हौसाबाई. तिकडे वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रची. तीन वर्षांची असताना आई गेली. नानांनी १९३० मध्ये तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत उडी घेतली. पुढे ते ४४ महिने भूमिगत होते. सरकारने घर-जमीन जप्त केली. भीतीपोटी लोक मीठसुद्धा देईनात. घरच्यांनी उंबराची फळं शिजवून खाल्ली.

आता सांगा, अशा बापावर पोरीने किती रागवायला हवं होतं?

पण ही पोर सोळा-सतरा वर्षांची असताना स्वतःच त्या कामात उतरली. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एका साथीदाराने तिला मारहाण करायची, असं नाटक ठरलं. पोलीस भांडण सोडवायला आले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आतली हत्यारं पळवली. मार मात्र खराच होता. पुढे १९४४ मध्ये गोव्यातल्या एका मोहिमेत तिने रात्री लाकडी पेटीच्या आधाराने मांडवी नदी पार केली. हौसाबाई २०२१ मध्ये गेल्या.

नाना घराला विसरले होते असंही नाही. भूमिगत असतानाच त्यांची आई वारली. डोक्यावर बक्षीस असताना, पकडले जायचा धोका पत्करून त्यांनी कऱ्हाडला तिच्यावर अंत्यसंस्कार केले.

याचा अर्थ घरी वेळ न देणारा प्रत्येक बाप थोर, असा काढू नका हं. उंबराची फळं खाणाऱ्या पोरीला तक्रारीचा पूर्ण हक्क होता. मला वेगळंच जाणवलं. बाप घरी का नाही, हे हौसाबाईंना माहीत होतं, आणि त्या कामात त्यांचा स्वतःचाही वाटा होता. आम्हाला यातलं काहीच नव्हतं. बाबा रात्र-रात्र कुठे गाडी चालवतात, डोळ्यावर झोप आली की काय करतात, हे मी कधी विचारलंच नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आणि त्या न बोलण्यालाच मी 'प्रेम नाही' असं नाव देऊन मोकळा झालो.

"मामा अवकाळीच्या रात्री बॅटरी घेऊन द्राक्षबागेत का फिरतात, माहितंय तुला?" मी विचारलं.

गडी गप्प. थोड्या वेळाने म्हणाला, "बागेवर कर्ज हाय का रे दादा?"

"मला काय विचारतोस? त्यांनाच विचार. आणि उद्या फवारणीला जा त्यांच्याबरोबर."

रविवारी सकाळी मी उठलो तेव्हा दोघंही घरात नव्हते. :)

रात्री पुण्याला परतल्यावर बाबांना फोन केला. आमचा नेहमीचा फोन तीन मिनिटांत संपतो... जेवलास का, पाऊस आहे का, ठेवू का. या वेळी विचारलं, "बाबा, मिरजेहून मुंबईला जायचात तेव्हा झोप आली तर काय करायचात?"

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "खंबाटकीच्या अलीकडे एक चहावाला होता..."

चाळीस मिनिटं बोलत होते!